वैद्यांचा हरताळ आणि हिवतापाचे औषध

१९२९ सालच्या मार्च महिन्याच्या १७ तारखेस शांघाय शहरातील देशी औषधांची दुकाने अर्धा दिवस बंद राहिली. वैद्यांनी त्या वेळात रोगी पाहिले नाहीत. चीनच्या पंधराएक प्रांतांतून आलेले अडीचशेहून अधिक प्रतिनिधी त्या दिवशी शहरात एका सभेस बसले होते. सभेपुढे विषय एकच होता. त्याच साली फेब्रुवारीत नानजिंगच्या राष्ट्रीय सरकारच्या आरोग्य परिषदेने एक ठराव संमत केला होता. देशी वैद्यांची नोंदणी करावी, नवी वैद्यशाळा निघू देऊ नये, वर्तमानपत्रांतून त्यांच्या विद्येची जाहिरात बंद करावी, आणि आहेत ते वैद्य म्हातारे होऊन मरतील तेव्हा ही विद्याही त्यांच्याबरोबर संपावी, असा त्या ठरावाचा एकूण रोख होता. सभेने पाच जणांचे शिष्टमंडळ निवडले, ते आगगाडीने नानजिंगला गेले, आणि ठराव बासनात बांधला गेला.

आम्ही आयुष्याची तीस वर्षे संप करण्यात, मोडण्यापासून वाचवण्यात आणि मिटवण्यात घालवली. गिरणीचे संप, यंत्रमागाचे संप, विडीचे संप, सगळे पाहिले. परंतु वैद्यांचा संप आम्हांस पुस्तकातच भेटला, आणि भेटल्यापासून त्याने पिच्छा सोडलेला नाही. व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा हाच सांगितला. युनियनवाल्याने चिनी वैद्यकावर काय बोलावे, असे काहींना वाटेल. आमच्या कामाचा निम्मा भाग पगाराचा असतो आणि निम्मा आजारपणाचा. आजारी कामगार आमच्याकडे येतो तेव्हा आयुर्वेद खरा की ॲलोपथी खरी, असे तो विचारत नाही. पैसे किती लागतील, खाडे किती होतील, आणि बरा होईन का, हे तीन प्रश्न तो विचारतो. चीनच्या वैद्यकाचा इतिहास आम्ही याच तीन प्रश्नांच्या उजेडात वाचला आहे.

तेव्हा प्रथम हे वैद्यक काय आहे ते थोडक्यात सांगतो. त्याचा मूळ ग्रंथ पीत सम्राटाच्या नावावर असून तो इसवी सनापूर्वीच्या पहिल्या-दुसऱ्या शतकात संकलित झाला असे विद्वान मानतात. यिन आणि यांग ही दोन तत्त्वे, पाच महाभूतांसारख्या पाच अवस्था, शरीरात वाहणारा 'छी' नावाचा प्राण, आणि त्याचे मार्ग. आपल्याकडील त्रिदोषांची ज्यांना ओळख आहे त्यांना हा संसार परका वाटणार नाही. नाडी पाहावयाची, जीभ पाहावयाची, आणि काढा, सुई किंवा दवण्याच्या जातीच्या एका वनस्पतीच्या पाल्याचा डाग, यांनी उपाय करावयाचा. तत्त्वज्ञान एवढेच पुरे. आम्हांला जास्त मोह पडतो तो या परंपरेतल्या माणसांचा. इसवी सन २०० च्या सुमारास झांग झोंगजिंग नावाचा वैद्य होऊन गेला. त्याच्या कुळात दोनशेवर माणसे होती. दहा वर्षे पुरी होण्याच्या आत त्यांतली दोन तृतीयांश मेली, आणि त्यांतलीही बहुतेक तापाने. हे त्याने स्वतःच आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवले आहे. त्यानंतर त्याने तापावर ग्रंथ लिहिला. सोळाव्या शतकातील ली शिझेनने २७ वर्षे खपून १८९२ द्रव्यांचा कोश केला. त्यासाठी तो शेतकरी, कोळी, शिकारी, लाकूडतोडे यांना विचारत हिंडला. कोश १५७८ साली पुरा झाला, छापून निघाला १५९६ साली, आणि ली तत्पूर्वी तीन वर्षे वारला होता.

देवीच्या रोगावरही चिनी लोकांनी आपला उपाय शोधला होता. देवीच्या खपल्यांची पूड करून ती नळीने निरोगी मुलाच्या नाकात फुंकायची. सौम्य देवी येतात आणि जन्माची सुटका होते. सोळाव्या शतकापासून याचे उल्लेख सापडतात. बादशहा कांगशी स्वतः लहानपणी देवीतून वाचलेला. त्याने हा उपाय आपल्या राजघराण्यातील मुलांवर करविला. यात धोका होताच, काही मुले मरतही. पण न टोचता येणाऱ्या देवींनी जितकी मरत, त्यापेक्षा कमी.

आता बाजूची दुसरी हकिकत. लू शुन हा आधुनिक चीनचा सर्वांत मोठा लेखक. त्याचा जन्म १८८१ सालचा, गाव शाओशिंग. आजोबा तुरुंगात, घर खचलेले, आणि वडिलांच्या अंगावर सूज. गावातला नामांकित वैद्य दिवसाआड येई. एका भेटीची फी एक डॉलर चाळीस सेंट, आणि त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. औषधापेक्षा अनुपान अवघड. तीन वर्षे हिव खाल्लेला ऊस आणा, रातकिड्यांची जोडी आणा, आणि ती जोडीसुद्धा पहिल्यापासून एकाच बिळात राहिलेली पाहिजे! पोट ढोलासारखे फुगले म्हणून फुटक्या ढोलाच्या चामड्याच्या गोळ्या. चार वर्षांहून अधिक काळ हा मुलगा घरातल्या वस्तू घेऊन गहाणवट्याच्या दुकानी जाई, आणि तेथून मिळालेले पैसे घेऊन औषधाच्या दुकानी. १८९६ साली वडील गेले. मुलगा पुढे जपानला जाऊन १९०४ साली सेंदाईच्या वैद्यकीय शाळेत दाखल झाला, आणि पुढे लेखणी हाती आल्यावर त्याने देशी वैद्यांना जाणता-अजाणता फसवणारे म्हटले.

गहाणवट आणि औषध ही दोन दुकाने आमच्याही वस्तीत समोरासमोर आहेत. म्हणून लू शुनचा राग आम्हांस कळतो. पण एक गोष्ट न सांगता पुढे जाणे बरे नाही. हा लू शुन १९३६ साली क्षयाने मेला, आणि त्याच्या उशाशी नव्या वैद्यकाचे डॉक्टर होते. क्षयावर चालणारे औषध तेव्हा जगात कुणाजवळच नव्हते. स्ट्रेप्टोमायसिन त्यानंतर सात-आठ वर्षांनी निघाले.

नव्या वैद्यकाचे पाऊल चीनमध्ये मिशनऱ्यांबरोबर पडले. कँटनला १८३५ साली अमेरिकन मिशनरी पीटर पार्कर याने डोळ्यांचे इस्पितळ काढले. परंतु सरकारदरबारी त्याचे वजन वाढले ते १९१० च्या हिवाळ्यात. मांचुरियात फुफ्फुसाचा प्लेग उठला. मार्मोट नावाच्या बिळात राहणाऱ्या प्राण्याच्या कातड्यासाठी शिकारी जात. तिथून तो रेल्वेने हार्बिनला पोचला. आपल्याकडे मुंबईस १८९६ साली आलेल्या प्लेगच्याच महासाथीचा तो पुढचा फेरा; मात्र आपला प्लेग गाठीचा आणि उंदरावरच्या पिसवांचा, तर हा खोकल्यातून माणसाकडून माणसाकडे जाणारा. ज्याला झाला तो मेला, असा प्रकार. पीनांगमध्ये जन्मलेला आणि केंब्रिजला शिकलेला एकतीस वर्षांचा डॉक्टर वू लियेन-तेह डिसेंबरात हार्बिनला पोचला. रोग हवेतून जातो हे त्याने ताडले आणि कापूस व जाळीच्या कापडाची पट्टी तोंडाला बांधण्याचा हुकूम केला. देशी वैद्य उघड्या तोंडाने रोग्यांची नाडी पाहायला बसले, आणि पुष्कळ मेले. येथवर हकिकत नव्या विद्येच्या बाजूची दिसते. पण त्याच हार्बिनमध्ये मेनी नावाचा नाणावलेला फ्रेंच डॉक्टर होता. त्याने या पोरसवदा चिनी डॉक्टरचे म्हणणे मानले नाही, पट्टी बांधली नाही, आणि ११ जानेवारी १९११ रोजी तोही प्लेगने गेला. पदवीने त्याला वाचवले नाही. बादशहाची परवानगी आणवून वू याने दोन हजारांवर प्रेते जाळली, कारण गोठलेल्या जमिनीत ती पुरता येत नव्हती. मार्चअखेर साथ हटली. एकंदर साठ हजारांच्या आसपास माणसे गेली.

या साथीनंतर राज्यकर्त्यांना एक गोष्ट पटली. साथ अडवायची तर मेलेल्यांची मोजदाद पाहिजे, मृत्यूचे कारण लिहिणारा माणूस पाहिजे. आणि १९२९ च्या ठरावाचा कर्ता यू युनश्यू याचा मुख्य मुद्दा नेमका हाच होता. तो ओसाकाला शिकलेला. यिन-यांग, पाच अवस्था, नाडीशास्त्र हे सगळे काल्पनिक आहे असे त्याचे मत होतेच. परंतु त्याहून त्याला हे खुपत होते की देशी वैद्य रोगाचे नाव एकवाक्यतेने सांगू शकत नाहीत, तेव्हा त्यांच्या हातून साथीची नोंद होणार नाही. देशी वनस्पती मात्र टाकाऊ आहेत असे तो म्हणत नव्हता. त्यांचा अभ्यास व्हावा असेच त्याचे मत होते. विरोधकांनी त्याला पाश्चात्त्यांचा हस्तक ठरवले ते आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

पण संप करणाऱ्यांचीही बाजू ऐकली पाहिजे. त्या वेळी नव्या वैद्यकाचे डॉक्टर होते काही हजार, तेही बहुतेक बंदरांच्या शहरांत. खेड्यात ताप आला तर नाडी बघणाऱ्या वैद्याखेरीज दारात येणारे कुणी नव्हते. त्याला उठवले तर त्याच्या जागी कोण बसणार, याचे उत्तर ठरावात नव्हते. सभेत स्वदेशीचाही गजर होता: परदेशी औषधांनी देश लुटला जाईल, देशी औषधांचा प्रसार हेच त्यावर उत्तर. हा सूर आपल्या लोकांना ओळखीचा आहे. मात्र येथे आमच्या धंद्यातला एक अनुभव आडवा येतो. त्या सभेत औषधांचे घाऊक व्यापारी आणि काढा बांधून देणारे वैद्य एकाच बाजूला होते. मालक आणि कारागीर ज्या संपात हातात हात घालून चालतात तो संप आम्ही जरा डोळे किलकिले करून पाहतो. रोग्याचा प्रतिनिधी त्या अडीचशेंत होता असे कोठे लिहिलेले नाही.

या संपाने आणखी एक गोष्ट घडली, आणि ती आम्हांस सर्वांत नवलाची वाटते. १९२९ पूर्वी 'चिनी वैद्यक' म्हणून एकजिनसी असे काही नव्हते. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या गुप्त पुड्या होत्या, हाडवैद्य होते, देवळातले अंगारेधुपारे होते, सुई टोचणारे फिरस्ते होते; आणि सुईला तर १८२२ साली खुद्द दरबारच्या वैद्यशाळेतून बाहेर काढले होते. हे सगळे एकमेकांस तुच्छ लेखीत. ठरावाची कुऱ्हाड आल्यावर ते एका झेंड्याखाली आले. १९३१ साली सरकारमान्य राष्ट्रीय वैद्यक संस्था निघाली. मग अभ्यासक्रम, परीक्षा, परवाने असे सगळे आले. आमच्या खात्यांतही असेच होते. मागवाला, कांडीवाली, रंगाटीवाला यांना आपण एक आहोत हे पगारकपातीची नोटीस लागेपर्यंत ठाऊक नसते. आपल्याकडे मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्याने आयुर्वेद व युनानी वैद्यांची नोंदवही सुरू झाली, तीही याच दशकातली गोष्ट.

पुढे युद्ध आले, आणि येथे आमचे सोलापूर या कथेत शिरते. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून 'राजपुताना' बोटीने काँग्रेसचे वैद्यकीय पथक चीनला निघाले. पाच डॉक्टर: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी. कोटणिसांची पुढची हकिकत शांतारामबापूंच्या १९४६ च्या बोलपटाने घरोघर नेली, आणि त्यांच्या जुन्या घरात आज स्मारकही आहे, म्हणून ती येथे विस्ताराने सांगत नाही. ते शस्त्रवैद्य होते, नव्या वैद्यकाचे होते. बेथ्यून यांच्या नावाच्या शांतता इस्पितळाचे ते १९४१ साली प्रमुख झाले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. वेढा पडलेल्या त्या डोंगराळ मुलखात परदेशी औषध येणे म्हणजे नशीब. जे झाडपाल्याचे मिळेल ते वापरावे लागे. १९४४ साली माओंनी एका भाषणात त्या भागातल्या एका प्रदेशाचा हिशेब दिला आहे: वस्ती पंधरा लाख, त्यांत निरक्षर दहा लाखांवर, आणि मांत्रिक-भगत दोन हजार. अशा ठिकाणी नव्या डॉक्टरांनी जुन्या वैद्यांना बरोबर घेतले पाहिजे, नाहीतर ते भगतांचेच काम करतील, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. हा निर्णय तत्त्वज्ञानाचा नव्हता, मनुष्यबळाचा होता. १९४९ साली सत्ता आली तेव्हाही तेच गणित पुढे होते: सुमारे चोपन्न कोटी लोक, नवे डॉक्टर काही दहा हजार, जुने वैद्य काही लाख.

मग १९५५ च्या डिसेंबरात पेकिंगला देशी वैद्यकाची संशोधन अकादमी निघाली, १९५६ साली चार महाविद्यालये निघाली, आणि नव्या वैद्यकाच्या डॉक्टरांना अडीच अडीच वर्षे जुने वैद्यक शिकायला बसवले. खुद्द माओ स्वतः देशी औषध घेत नसत, असे त्यांचे खाजगी डॉक्टर ली झिस्वी यांनी १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत लिहिले आहे. पुढाऱ्यांच्या बाबतीत हा अनुभव चीनपुरता नाही.

अडीच वर्षांच्या त्या वर्गात १९५९ साली एक औषधशास्त्राची पदवीधर बाई दाखल झाली. नाव तू यूयू. जन्म १९३० चा. तिच्याजवळ डॉक्टरेट नव्हती, परदेशी शिक्षण नव्हते, आणि पुढेही ती देशाच्या विज्ञान अकादमीची सभासद झाली नाही. आमच्यासारख्या सातवी नापास माणसाने तिच्याविषयी थोडा पक्षपात केला तर तो क्षम्य मानावा.

व्हिएतनामच्या युद्धात हिवतापाने सैनिक लोळत होते. कोयनेलनंतर आलेले क्लोरोक्विन त्या जंगलात लागू पडेनासे झाले होते. उत्तर व्हिएतनामने चीनकडे मदत मागितली, आणि २३ मे १९६७ रोजी एक गुप्त योजना सुरू झाली. तारखेवरूनच तिला '५२३' म्हणत. साठेक संस्थांतील पाचशेवर माणसे तिच्यात होती. सांस्कृतिक क्रांतीचा धुमाकूळ चालू, विद्यापीठे बंद, जाणते शास्त्रज्ञ शेतावर धाडलेले. १९६९ च्या जानेवारीत अकादमीतल्या गटाची जबाबदारी तू यूयूकडे आली. तिचा नवरा शिक्षेच्या शेतावर होता; मुलगी चार वर्षांची, तिला पाळणाघरात ठेवून ही हैनान बेटावर रोगी पाहायला गेली.

तिने काय केले? प्रथम जुन्या पोथ्या काढल्या आणि म्हाताऱ्या वैद्यांना गाठले. दोन हजार पाठ जमा झाले. त्यांतले ६४० निवडून तिने पुस्तिका केली. मग दोनशेवर वनस्पतींचे तीनशे ऐंशीच्या आसपास अर्क काढून हिवतापाच्या उंदरांवर एकेक लावून पाहिले. हे वाचताना डोळ्यांपुढून झर्रकन जाते. पण तीनशे ऐंशी वेळा अर्क, तीनशे ऐंशी वेळा उंदीर, आणि बहुतेक वेळा उत्तर 'नाही'. छिंगहाओ नावाच्या वनस्पतीने एकदा बरा गुण दाखवला, पुन्हा केले तर दाखवीना. हे झाड दवण्याच्या कुळातले. चैत्रात आपण जोतिबाला दवणा वाहतो, त्याचा हा दूरचा भाऊ. मात्र दवणा खाऊन हिवताप जातो असा निरोप येथून कोणी घरी नेऊ नये.

गुण कधी येतो, कधी येत नाही, असे का? तू यूयू परत पोथीकडे गेली. चौथ्या शतकातील गे होंग याने अडीअडचणीला हाताशी ठेवावयाचे उपाय एका लहान ग्रंथात लिहिले आहेत. त्यात थंडीतापावर सांगितले आहे की मूठभर छिंगहाओ दोन मापे पाण्यात भिजवावा, पिळावा आणि रस प्यावा. भिजवावा आणि पिळावा. उकळावा असे नाही. चिनी वैद्यकात बहुतेक औषध उकळून काढा करूनच देतात. हा माणूस उकळायला का सांगत नाही? उष्णतेने गुण मरत असावा, असा तर्क तिने केला, आणि पाण्याऐवजी कमी उष्णतेवर उडणारे ईथर घेऊन अर्क काढला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांच्या रक्तातला हिवताप शंभर टक्के निपटला. पुढे माकडांतही तेच.

आता येथे क्षणभर थांबावेसे वाटते. जुन्या विद्येचे अभिमानी म्हणतील, पाहा, सोळाशे वर्षांपूर्वी आमच्याकडे औषध होते. नव्या विद्येचे अभिमानी म्हणतील, ईथर नसते तर ते सापडले असते काय? दोघेही आपल्यापुरते खरे सांगतात आणि उरलेले गाळतात. गे होंगच्या ग्रंथात थंडीतापावर छिंगहाओखेरीज इतरही अनेक उपाय आहेत. त्यांतला चालणारा कोणता हे ग्रंथाला सांगता येत नव्हते. आणि प्रयोगशाळेला, कुठे खणावे ते ठाऊक नव्हते. एवढी शतके तेच झाड उकळून पाजले जात होते, आणि उकळलेल्यात तो गुण बहुतेक उरत नव्हता. ही खूण पोथीत होती, पण पोथीला पूज्य मानणाऱ्यांच्या ती लक्षात आली नाही.

१९७२ च्या उन्हाळ्यात तो अर्क माणसांना द्यायचा तर विषारी नाही ना, हे कळायला हवे होते. तू यूयू आणि तिच्या दोन सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेतला. मग हैनानमध्ये २१ रोग्यांना दिला. ताप उतरला आणि रक्तातले जंतू गेले. वर्षअखेर शुद्ध स्फटिक हाती आले. १९७३ साली त्याच्या गोळ्या केल्या तर गुण येईना! शोध केला तेव्हा कळले की औषध ठीक आहे, गोळीच नीट विरघळत नाही. कॅप्सूल केल्यावर ताळ्यावर आले. असल्या क्षुल्लक गोष्टींवर किती थोर विद्या बुडाल्या असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१९७७ साली शोध छापला गेला तो कोणाच्याही नावाने नाही. 'सहकारी संशोधन गट' एवढेच. युन्नान आणि शांतुंगच्या माणसांनीही तेच द्रव्य स्वतंत्रपणे चांगले काढले होते, रोग्यांवरची मोठी तपासणी कँटनच्या गटाने केली होती. म्हणून २०१५ साली नोबेल एकट्या तू यूयूच्या हाती अर्धे आले (उरलेले अर्धे जंतांच्या औषधासाठी दोघांना), तेव्हा कुरबूर झाली. ती आम्हांस समजते. कापड पुष्कळ हातांनी निघते आणि शिक्का एकाचाच बसतो. पण १९१ वा नमुना तिचाच, हेही खरे.

याच द्रव्यापासून केलेल्या आर्टेसुनेट इंजेक्शनची जुन्या कोयनेलशी तुलना बांगलादेश, ब्रह्मदेश, इंडोनेशिया आणि आपल्या देशात १,४६१ गंभीर रोग्यांवर झाली. निष्कर्ष २००५ साली निघाला. कोयनेलवर शंभरांत २२ मेले, आर्टेसुनेटवर १५. यात पदर सोडून भांडण्यासारखे काही राहत नाही.

परंतु एका औषधाच्या यशाने साऱ्या परंपरेला दाखला मिळतो असे नाही, हेही चीनच्याच इतिहासात आहे. दमेकऱ्याला मा-हुआंग देत. त्यातला एफेड्रिन हा सत्त्वांश जपानच्या नागाई यांनी १८८५ साली काढला, आणि १९२४ च्या सुमारास पेकिंगमध्ये चेन आणि श्मिट यांनी तो दम्यावर खरोखर चालतो हे दाखवले. हार्बिनमध्ये, म्हणजे त्या प्लेगच्याच गावी, १९७० नंतरच्या वर्षांत झांग टिंगडोंग यांनी एका खेडवळ औषधातला पारा आणि भेकाचे विष काढून नुसता सोमल ठेवला, आणि रक्ताच्या एका कर्करोगावर तो आज जगभर देतात. (हरताळ हा शब्द आपल्याकडे बंदलाही आहे आणि सोमलाच्याच जातीच्या खनिजालाही, ही भाषेची गंमत.) उलट १९९० नंतर बेल्जियममध्ये सडपातळ होण्याच्या चिनी वनस्पतींतून शंभरावर बायकांची मूत्रपिंडे गेली, कारण एका मुळीच्या नावाखाली दुसरीच विषारी मुळी आली होती. ती नैसर्गिकच होती.

सुईचे काय, असा प्रश्न हटकून येतो. १९७१ साली अमेरिकन पत्रकार रेस्टन याला पेकिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करावी लागली. नंतरच्या दुखण्यावर सुया टोचल्या, त्याने तसे छापले आणि पश्चिमेत लाट उसळली. शस्त्रक्रिया मात्र नेहमीचीच भूल देऊन झाली होती, हे लाटेत वाहून गेले. कोटणिसांचे सहकारी डॉ. बसू हे १९५८-५९ साली चीनमध्ये जाऊन ही विद्या शिकले आणि त्यांनी ती कलकत्त्यास आणली. तिची परीक्षा जर्मनीत पाठदुखीच्या ११६२ रोग्यांवर झाली, निकाल २००७ सालचा. नेहमीच्या उपचाराने शंभरांत २७ जणांना आराम पडला. शास्त्रोक्त बिंदूंवर सुया टोचून सुमारे ४८ जणांना. आणि भलत्याच जागी, वरवर सुया टोचून ४४ जणांना. म्हणजे गुण येतो, पण प्राणाच्या मार्गांमुळे येतो हे काही ठरत नाही. अर्धा तास कोणी शांतपणे आपल्या पाठीकडे लक्ष देतो याचाच त्यात मोठा वाटा असावा असे आमचे मत. बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्याची पाठ कोण पाहतो?

येथे आमच्या वस्तीतल्या दोन गोष्टी. एक मागवाला तीन महिने खोकत होता; वैदूच्या चूर्णावर राहिला, आणि थुंकी तपासली तेव्हा क्षय निघाला. दुसऱ्याला नुसता थकवा. पाटी लावून बसलेल्या, पण पदवी नसलेल्या एका 'डॉक्टरां'नी त्याला सलाईनच्या बाटल्या लावून महिन्याचा पगार काढून घेतला. एक जुन्या विद्येच्या नावाने लुबाडला गेला, दुसरा नव्या विद्येच्या. दोघांचीही तपासणी आधी झाली असती तर काय झाले असते ते सांगावयास नको.

चीनने खेड्यांसाठी १९६८ पासून 'अनवाणी डॉक्टर' पुढे आणले. शेतावर काम करणारी पोरे-पोरी, काही महिन्यांचे शिक्षण, पेटीत लसही आणि सुयाही, झाडपालाही आणि पेनिसिलिनही. त्यांची संख्या दहा लाखांपलीकडे गेली. सामुदायिक शेती मोडल्यावर त्यांचा पगार देणारे कोणी उरले नाही, आणि १९८५ साली ते नावही सोडून देण्यात आले. खेड्यातल्या बाईला शिकवून आरोग्याचे काम सोपवायचे हा प्रयोग आपल्याकडे जामखेडला डॉ. आरोळे पतिपत्नींनी १९७० पासून केला. तो चीनची नक्कल नव्हता, पण अडचण तीच होती.

छिंगहाओच्या औषधालाही आता वय झाले आहे. कंबोडियाच्या सीमेवर २००८ च्या सुमारास हिवतापाचे जंतू त्याला दाद देण्यास उशीर लावू लागले असे दिसून आले. म्हणून ते एकटे देत नाहीत, जोडीला दुसरे औषध देतात. आपल्या गडचिरोलीच्या जंगलात ताप आलेल्या मुलाच्या बोटाला आशा कार्यकर्ती टोचते, पट्टीवर रक्ताचा थेंब घेते, पंधरा-वीस मिनिटे थांबते. घातक जातीचा हिवताप निघाला तर वयाप्रमाणे वेगवेगळ्या रंगाचे गोळ्यांचे पाकीट उघडते. गोळ्या तीन दिवसांच्या असतात, आणि पहिली मात्रा ती समोर उभी राहून गिळायला लावते.